थोरवड्यांची खुर्ची

“पेढे घ्या वहिनी,” इंदूबाई म्हणाल्या, आणि मला वाटलं, बाईंची बदली झाली. तेवढ्या अर्ध्या क्षणात मी त्यांना पार चंदगडच्या शाळेत पोचवूनही आले.

“कसले हो?” मी विचारलं. जुई कडेवर होती. तिनं माझ्याआधी पुडक्यात हात घातला आणि एक पेढा मुठीत चुरगाळून टाकला.

“लग्न करतेय. आपल्या पिसाळांशी.”

“अय्या! अभिनंदन!” मी इतक्या जोरात म्हणाले की जुई दचकली. इंदूबाईंशी इतक्या मनापासून मी आजवर काही बोललेच नव्हते. बँकेतले पिसाळ म्हणजे सज्जन माणूस. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, तोंडात कधी मोठा आवाज नाही. नेऊ देत यांना घरी. रोज संध्याकाळी त्यांच्याशीच काय वाद घालायचा तो घालू देत, आमच्या दारात नको.

रमाकांत तेवढ्यात पंच्यानं तोंड पुसत बाहेर आला. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातून आला की आधी तोंडावर पाणी मारायची त्याची सवय. बातमी ऐकली आणि त्याचा चेहरा उतरला. अगदी माझ्या डोळ्यांदेखत उतरला.

“अरेच्चा,” तो म्हणाला. “म्हणजे मग तुमच्या खुर्चीचं काय?”

“तेच बोलायला आलेय थोरवडे. रविवारी बैठक तुमच्याकडे आहे ना?”

“तुमची खुर्ची जाऊन कसं चालेल?”

“नियम आहे.”

“नियम गेला खड्ड्यात!”

पाटबंधारे खात्यातला, धरणाच्या पाण्यापेक्षा नियमाला जास्त भिणारा माझा नवरा म्हणाला, नियम गेला खड्ड्यात. मी जुईच्या मुठीतला पेढा सोडवायला म्हणून आत गेले. ती मूठ काही सुटत नव्हती, आणि मीही ओढत राहिले.

कराडात त्या वेळी रविवार बैठक म्हणून एक प्रकरण होतं. महिन्यातून एकदा सात माणसं जमायची आणि राजकारण, सत्ता, स्वातंत्र्य असल्या विषयांवरचं एखादं पुस्तक सोलून खायची. रेठरेकर वकिलांनी, म्हणजे आबांनी, ती सुरू केली होती. प्रत्येक वेळी एकानं पुस्तकाची शिफारस करायची, बाकीच्यांनी त्याला उभं-आडवं झोडायचं, आणि त्यातूनही जे पुस्तक टिकेल ते वर्षअखेरी गावच्या वाचनालयाच्या दर्शनी फळ्यावर जायचं. खाली शिफारस करणाराचं नाव, रंगाच्या ब्रशनं. पुस्तक न वाचणारी माणसंसुद्धा तो फळा वाचायची.

बैठक दर महिन्याला वेगळ्या घरी, आणि खुर्च्या मात्र त्याच. घडीच्या सात लोखंडी खुर्च्या होत्या. पाठीवर सभासदाचं आडनाव रंगवलेलं. ज्याच्या घरी बैठक त्याच्याकडे त्या आदल्या दिवशी हातगाडीवरून यायच्या. नवा सभासद आला तर नवी खुर्ची, गेला तर नाव खरवडायचं. आणि आबांचा नियम एकच: घरटी एक खुर्ची.

“एका छपराखालची दोन मतं म्हणजे एकच मत दोनदा,” आबा म्हणायचे. “अशानं चार घरं मिळून सत्ता बळकावतील. लोकशाही अशीच जाते, वाजत-गाजत नाही जात.”

लग्न करून मी या घरात आले तेव्हाची गोष्ट. सांगलीला मी राज्यशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले होते, वादविवादात ढाली आणल्या होत्या. पहिल्याच बैठकीला मी पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता आबांना म्हटलं, मलाही यायला आवडेल. आबा गोड हसले. म्हणाले, “वहिनी, तुम्ही आलेल्याच आहात. तुमचं मत रमाकांतरावांच्या मतात आलंच की!” सगळे हसले. डॉक्टर शेवाळ्यांनी तर मांडीवर थाप मारली. इंदूबाईही हसल्या. मीही हसले. नव्या सुनेनं हसायचंच असतं.

पण पुस्तकं घरात येत होती. रमाकांत वाचनालयात जाताना मीच त्याला सांगायचे, हे बघ, ते आण, त्या लेखकाचं आणखी काही मिळतं का विचार. जुई झाल्यावर तर वाचायला एकच वेळ उरली, तिला पाजण्याची. कुशीवर वळून एका हाताचा कोपर टेकायचा, पुस्तक उशीला उभं करायचं आणि पान उलटायची वेळ आली की श्वाससुद्धा धरून ठेवायचा. तिचे ओठ सुटले, डोळे मिटले, तरी मी हलायची नाही. प्रकरण संपेपर्यंत ती माझ्या दंडावर घामेजून झोपलेली असायची, आणि तिच्या टाळूचा वास आणि जुन्या कागदाचा वास मला वेगळे काढता यायचे नाहीत. एका पानावर नाचणीची पेज सांडली होती. ते पुस्तक बैठकीत फिरलं तेव्हा रमाकांत म्हणाला, “आमच्या लेकीनंही वाचलंय!” केवढा हशा झाला म्हणे.

मी वाचून झालं की त्याला सांगायची. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. त्याला पटलं की तो वाचायचा, आणि मग त्याची शिफारस करायचा. फळ्यावर त्या साली रमाकांत थोरवडे या नावाखाली जेवढी पुस्तकं होती, तेवढी सगळी मी शोधलेली होती. त्यानं काही चोरलं नव्हतं. खुर्ची त्याची, त्यामुळे नाव त्याचं. इतकं ते सरळ होतं.

इंदूबाई दर गुरुवारी शाळा सुटल्यावर पुस्तक बदलायला आमच्याकडे यायच्या. कन्याशाळेत नागरिकशास्त्र शिकवायच्या. कांजी केलेली सुती साडी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. “बसत नाही हं, उशीर होतो,” म्हणायच्या आणि तासभर उंबऱ्यात उभ्या राहायच्या. त्या अलीकडे, रमाकांत पलीकडे, मध्ये माझी पुस्तकं.

“थोरवडे, कुठून शोधून काढता हो हे असलं?” त्या विचारायच्या.

रमाकांत नुसता हसायचा.

चहा उकळून वर यायचा, मी तो खाली बसवायची, आणि त्यांचे आवाज ऐकायची. इंदूबाई बोलायला लागल्या की वाक्य कुठून निघालं, कुठल्या आडवळणानं गेलं आणि कुठे येऊन टेकलं, सगळं स्पष्ट दिसायचं. त्यांना वाक्य पुरं करता यायचं. माझं वाक्य अर्ध्यात आलं की जुई रडायची, कुकरची शिट्टी व्हायची, नाहीतर रमाकांतला ऑफिसची आठवण यायची. अख्खं वाक्य बोलणाऱ्या त्या बाईकडे मी दाराआडून बघायची आणि साडीवरचा दुधाचा डाग पदरानं झाकायची.

पेढ्यांच्या त्या गुरुवारी इंदूबाई गेल्यावर मी दोरीवरची दुपटी काढत होते. रमाकांत माझ्या मागे मागे फिरत होता.

“त्यांच्यासारखी बाई गेली तर बैठकीत राहिलं काय? ओसवालशेठ डुलक्या काढणार आणि गुरुजी दर वेळी रामराज्यावर येऊन थांबणार.”

“पिसाळ उठतील की. त्या राहतील.”

“पिसाळ कशाला उठतील?”

“का? नियम घरटी एक म्हणतो. कोण ते म्हणत नाही.”

“असं कसं वृंदा? काहीतरीच तुझं!”

“माझी गेली तेव्हा तू नियम खड्ड्यात नाही घातलास.”

“तुझी कुठली खुर्ची होती?” त्यानं अगदी निर्मळ मनानं विचारलं. त्या निर्मळपणाचाच मला राग आला.

“नव्हती. मी मागितली होती. लग्न झालं म्हणून एकाचं डोकं दुसऱ्याच्या डोक्यात साखरेसारखं विरघळत नाही रमाकांत. चमचा फिरवणाराला तसं वाटतं.”

तो थांबला. दुपट्याचं एक टोक त्याच्या हातात होतं. “वा,” तो म्हणाला. “छान बोललीस.”

मला वाटलं, पोचलं. त्या रात्री मी पोळीवर जरा जास्त तूप घातलं.

शनिवारी खुर्च्या आल्या. मी त्या ओल्या फडक्यानं पुसल्या. रेठरेकर. घारगे. शेवाळे. ओसवाल. पिसाळ. फडतरे. थोरवडे. इंदूबाईंची, म्हणजे ‘फडतरे’ लिहिलेली, पुसताना मी नावावरून फडकं दोनदा जास्त फिरवलं. रंग पक्का होता.

रविवारी दुपारी चारला सगळे जमले. आबा धोतर सावरत मधल्या खुर्चीत. घारगे गुरुजी त्यांच्या उजव्या हाताला. निवृत्त झाले होते, पण कुणी मध्येच बोललं की अजूनही बोट ओठावर ठेवायचे. ओसवालशेठ कापडाचं दुकान नोकरावर टाकून आलेले. डॉक्टर शेवाळे, होमिओपॅथीचे, गोळ्यांइतकेच गोड आणि तेवढेच निरुपद्रवी. पिसाळ आणि इंदूबाई, मध्ये एक खुर्ची सोडून. आणि रमाकांत. मी जुईला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. तिला दात येत होते. दोन दिवस ती कुरकुरत होती, आणि तापल्यासारखा तिचा गाल माझ्या मानेला चिकटला होता.

“विषय सर्वांना माहीत आहे,” आबा म्हणाले. “आनंदाचा आहे आणि अडचणीचाही. दोन खुर्च्यांची एक होणार. आता कुणाची उरणार, हे... म्हणजे ते उघडच आहे.”

“काय उघड आहे आबा?” इंदूबाईंनी विचारलं.

“आता बाई, प्रथा असते.”

“फडतरेबाई आपल्या सगळ्यांत जास्त वाचतात,” डॉक्टर म्हणाले. “पिसाळ, राग मानू नका.”

पिसाळांनी मान हलवली. राग आला नाही अशी.

मग रमाकांत उठला. त्याला असं भाषण करताना मी कधीच पाहिलं नव्हतं. माझ्याशी तो बोलतो म्हणजे दोन वाक्यं आणि एक ‘बघू’. इथे तो हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, “आबा, आपण इथे वर्षानुवर्षं स्वातंत्र्यावर बोलतो. इंदूबाई या बैठकीचा कणा आहेत. त्यांच्यापुरता या नियमाला अपवाद करावा, असा माझा ठराव आहे. आणि का, तेही सांगतो. लग्न झालं म्हणून एकाचं डोकं दुसऱ्याच्या डोक्यात साखरेसारखं विरघळत नाही. चमचा फिरवणाराला तसं वाटतं.”

“वा! वा!” डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

“क्या बात है,” ओसवालशेठ जागे होऊन म्हणाले.

इंदूबाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि ते वाक्य हातातल्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर लिहून घेतलं. लिहिता लिहिता वर बघून रमाकांतकडे हसल्या.

पुस्तकं गेली होती, ठीक. नाव गेलं होतं, ठीक. पण ते वाक्य मी माझ्यासाठी केलं होतं. दुपटी काढताना, माझ्या खुर्चीसाठी. त्यानं ते जसंच्या तसं उचललं आणि दुसऱ्या बाईच्या पायाशी नेऊन ठेवलं. तिच्यासाठी! वर मागायचं काय, तर अपवाद. तिच्यापुरता.

जुई रडायला लागली. सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, बाई आत जाईल म्हणून. मी आत गेले नाही. मी सरळ खुर्च्यांच्या मधून चालत रमाकांतपाशी गेले.

“मगाशी बोललात ते वाक्य कुणाचं?” मी विचारलं.

“कुठलं?”

“साखरेचं.”

त्याचे कान खालपासून वरपर्यंत लाल झाले. कानांनी खोटं बोलता येत नाही त्याला.

“धर हिला,” मी म्हणाले. “आणि ऊठ.”

चारचौघांत मी त्याला नेहमी ‘अहो’ म्हणायची. घारगे गुरुजींचं बोट आपोआप ओठांवर गेलं.

“वहिनी, हे काय?” आबा म्हणाले.

“आबा, घरटी एक खुर्ची ना? नियमात कुठे म्हटलंय, नवऱ्याचीच?”

“म्हटलं नाही, पण...”

“पाठीवर थोरवडे लिहिलंय. मी थोरवडेच आहे. लग्नात तुम्हीच मंगलाष्टकांना अक्षता टाकल्यात.”

डॉक्टर फिसकन हसले आणि लगेच खोकले.

“पण तो निर्णय घरानं घ्यायला हवा,” आबा वकिली सुरात म्हणाले. “तुमच्या घरात एकास एक झाले तर?”

“तर निर्णायक मत जुईचं!” डॉक्टरांना राहवेना.

जुई तोवर बापाच्या खांद्यावर गेली होती आणि शर्टाची कॉलर चावत होती. रमाकांत माझ्याकडे बघत होता. एखादी रोजच्या वाटेवरची पाटी माणूस पहिल्यांदा वाचतो ना, तसा. मग तो बाजूला झाला.

“एकास एक होत नाहीत आबा,” तो म्हणाला. “दोन विरुद्ध शून्य आहेत. त्या फळ्यावरची माझी सगळी पुस्तकंही हिचीच आहेत.”

आणि तो जुईला थोपटत बाहेर ओट्यावर गेला. इतक्या सहज, की मला पुढे काय करायचं ते सुचेना. मी भांडायला आले होते. भांडण संपलं होतं आणि समोर रिकामी खुर्ची होती.

मी बसले. लोखंड गरम होतं, त्याच्या अंगानं.

इंदूबाई माझ्याकडे बघत होत्या. पेन्सिल तशीच हातात. “सगळी?” त्यांनी हळूच विचारलं.

“सगळी.”

“ते हिरव्या बांधणीचंही?”

“त्यातल्या शेवटच्या प्रकरणावर तुम्ही म्हणालात ते चूक होतं,” मी म्हणाले. किती दिवस ते वाक्य मी चहाच्या पातेल्यात हलवत होते.

“मतदान,” आबा घाईनं म्हणाले. “ठराव अपवादाचा. पिसाळ आणि फडतरेबाईंनी मत द्यायचं नाही, त्यांचाच विषय आहे.”

“आधी माझा ठराव घ्या,” मी म्हणाले. “नियमच काढून टाका. मग इंदूबाई बसतील, पिसाळ बसतील, मी बसेन, रमाकांत बसेल. ओसवालवहिनींना यायचं असेल तर त्या बसतील.”

“तिला दुकानातला गल्ला मोजायचा असतो,” ओसवालशेठ दचकून म्हणाले.

“नियम बदलायला सगळ्यांचं एकमत लागतं,” आबा म्हणाले, “आणि माझं मत नाही.”

“माझंही नाही,” गुरुजी म्हणाले. “अशानं बैठकीचं हळदीकुंकू होईल.”

“घटनादुरुस्ती अवघड, वटहुकूम सोपा,” डॉक्टर म्हणाले. “चला, अपवाद तरी करून टाकू. माझा हात वर.”

ओसवालशेठनी हात वर केला. आबांनी आणि गुरुजींनी केला नाही. दोनास दोन. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

बाहेर ओट्यावर रमाकांत जुईला काहीतरी गुणगुणत होता. इंदूबाई ताठ बसल्या होत्या. मला त्यांचे हात दिसत होते. पेन्सिल दोन्ही हातांत धरलेली, मोडायच्या बेतात. त्यांच्यासाठी ती खुर्ची काय होती ते मला कुणी सांगायला नको होतं. गावात शाळेबाहेर त्यांच्याशी कुणी बरोबरीनं वाद घालावा, अशी ती एकच जागा होती. माझा एक हात वर गेला असता तर ती त्यांच्याकडे राहिली असती.

“ज्या गोष्टीसाठी परवानगी लागते, ती मिळाली तरी स्वातंत्र्य नसतं. ती सवलत असते,” मी म्हणाले. “आणि देणाऱ्याला ती कधीही काढून घेता येते. एकीला सवलत दिली की नियम आणखी पक्का होतो. मोडायचा तर सगळ्यांसाठी मोडा. माझं मत विरोधात.”

माझं वाक्य पुरं झालं होतं. अख्खं. मध्ये कुणी रडलं नाही, कुठली शिट्टी झाली नाही. मला आतून जे वाटलं, ते फार गोड होतं.

“ठराव फेटाळला,” आबा म्हणाले.

इंदूबाईंनी पेन्सिल पुन्हा अंबाड्यात खोचली. “बरोबर बोललात वहिनी. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते.” त्या थांबल्या. “पण इतक्या आनंदानं नसते म्हणाले.”

मी खाली पाहिलं. त्या हुशार होत्या, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

“मग आता?” ओसवालशेठ म्हणाले. “बाईंची खुर्ची...”

“आता काय, वाट वहिनींनी दाखवलीच आहे.” इंदूबाई खुर्चीत वळल्या. त्यांचा आवाज हलका झाला, थट्टेत म्हणावं तसा. “पिसाळ, नियम घरटी एक म्हणतो. कोण ते घर ठरवणार. बोला, आपल्या घरची खुर्ची कुणाची?”

पिसाळ बशीतला कप फिरवत होते. कपाचा कान इंदूबाईंकडे, मग आबांकडे, मग पुन्हा स्वतःकडे. आम्ही सगळे त्या कपाकडे बघत होतो.

“हे इथं कशाला, इंदू?” ते म्हणाले. वाईट आवाजात नाही, अगदी समजुतीनं. “आपण घरी बोलू ना.”

“घर अजून झालंय कुठे?”

“म्हणजे झाल्यावर बोलू. सावकाश. तुलाही तेव्हा शाळा, संसार... सगळं झेपायला नको का? पुस्तकं काय, मी आणीनच की तुझ्यासाठी. मला सांगत जा, कुठली आणायची ते.”

कुणी हसलं नाही. डॉक्टरही नाही. पिसाळांना वाटलं, आपण समजूतदार बोललो. त्यांनी कप उचलला आणि निवलेला चहा पिऊन टाकला.

मी वाट बघत होते, इंदूबाई वाक्य सुरू करतील, आडवळणानं नेतील आणि बरोबर जागी आणून टेकवतील. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचं वाक्य अर्ध्यात राहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला त्यांना हात लावावासा वाटला. दोन खुर्च्यांचं अंतर होतं, आणि मी तो हात मांडीवरच ठेवला.

“हं,” आबांनी घसा साफ केला. “पुढच्या महिन्याची शिफारस थोरवडेवहिनींची. कुठलं पुस्तक?”

माझ्याकडे कितीतरी नावं होती. एकही ओठावर येईना.

तेवढ्यात दारात रमाकांत आला. शर्टाच्या खांद्यावर लाळेचा मोठा नकाशा, जुई त्याच्या दंडावर पालथी, रडून रडून दमलेली. “वृंदा, हिला भूक लागलीय बहुतेक.”

सगळे थांबले. बाई आता उठेल, म्हणून. माझे गुडघे तर खरंच हलले होते. माझ्या छातीत दूध दाटलं होतं आणि तिच्या हुंदक्यासरशी ते ओढ घेत होतं.

“मऊ भात झाकून ठेवलाय,” मी म्हणाले. “थोडं तूप घाल, बोटानं कालव. गरम आहे का आधी मनगटावर बघ.”

“बरं,” तो म्हणाला. जुईच्या पाठीवरून हात फिरवत, तिला काहीतरी सांगत, सगळ्यांच्या मधून वाट काढत तो आत गेला. भांड्यावरचं झाकण वाजलं. “चिऊ खाणार, काऊ खाणार,” असा त्याचा बेसूर आवाज बैठकीत आला.

मी इंदूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पिसाळांकडेही नाही. त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या, दाराआडून दिसणाऱ्या त्या पाठमोऱ्या, भात कालवणाऱ्या माणसाकडे. बघता बघता त्यांनी पदर ओढून नीट केला, काही डाग नसताना.

त्या नजरेचं नाव मला कुणी सांगायची गरज नव्हती; दर गुरुवारी दाराआडून ती माझीच असायची.